खानदेशातले हिवाळी पाहुणे

दिवाळी झाली, शाळांना सुटी लागली, खळ्यावर ज्वारी-बाजरीची कणसे येऊन पडली, की आपल्याकडे पाहुण्यांची ये-जा सुरू होते. लेकी माहेरी येतात, भाचे मामाच्या गावी येतात. याच दिवसांत आणखीही काही पाहुणे खानदेशात उतरतात. त्यांना कोणी आमंत्रण धाडलेले नसते आणि ते आल्याचे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. हे पाहुणे म्हणजे उत्तरेकडून येणारे पक्षी. आज त्यांच्याविषयी, आपल्या अंगणात बारमाही वावरणाऱ्या पाखरांविषयी, आणि या सर्वांना दाणापाणी केव्हा व कसे द्यावे याविषयी थोडे बोलू.

पहिला प्रश्न असा, की हे पक्षी येतात तरी कशाला? पुष्कळांची समजूत अशी की ते थंडीला भिऊन पळून येतात. हे अर्धेच खरे आहे. पिसांसारखे उबदार पांघरूण दुसरे नाही. पौषातल्या सकाळी तारेवर बसलेली साळुंकी पाहा, पिसे फुलवून कशी चेंडूसारखी गोल झालेली असते! पिसांत अडकलेली हवा तिला ऊब देते. पक्ष्याला घराबाहेर काढते ती भूक. मध्य आशिया, मंगोलिया, सैबेरिया या मुलखात हिवाळा आला की तळी गोठतात, किडे नाहीसे होतात, गवताचे बी बर्फाखाली गाडले जाते. दिवसही आखूड होतो. नॉर्वेतल्या ओस्लो शहरी डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आपल्याकडे त्याच वेळी तो जवळजवळ अकरा तासांचा असतो. म्हणजे तिकडे अन्न कमी आणि ते शोधायला वेळही कमी. इकडे मात्र खरीप निघालेले असते, रानात सरवा सांडलेला असतो, दादर कणसात येऊ लागलेली असते, तापी-गिरणेच्या पात्रात पाणी असते. तेव्हा पाखरे खानदेशाची वाट धरतात यात नवल ते काय?

आता हे पाहुणे ओळखायचे कसे? त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शाळेच्या पटांगणात किंवा नदीच्या काठी चिमणीहून थोडा मोठा, सडपातळ, सारखी शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु पळणारा पक्षी दिसला, तर तो धोबी. घाटावर कपडे आपटावेत तशी त्याची शेपटी आपटते, म्हणून हे नाव. पांढरा, पिवळा आणि करडा असे त्याचे प्रकार हिवाळ्यात आपल्याकडे येतात. विटांच्या ढिगावर, कुंपणावर किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा, काळ्या डोक्याचा आणि विटकरी पोटाचा पक्षी म्हणजे थिरथिरा. त्याची मादी तपकिरी असते, पण शेपटीची थरथर तीच. हा इवलासा जीव हिमालय-तिबेटाच्या बाजूने येतो. विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या माळभिंगऱ्या तर सर्वांनी पाहिल्या असतील.

शेतकरी बांधवांना भोरड्या सांगायला नकोत. काळे डोके, गुलाबी अंग आणि साळुंकीएवढा आकार. त्यांचे थवे ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच येऊ लागतात आणि एप्रिलात परततात. ज्वारीवर पडल्या की माळ्यावरच्या राखणदाराला गोफण खाली ठेवता येत नाही. हे नुकसान खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण याच भोरड्या किडे, अळ्या आणि नाकतोडेही फस्त करतात. त्यांच्या मायदेशी तर त्यांचा विणीचा हंगामच टोळांच्या पैदाशीशी जोडलेला असतो. जिथे टोळ माजले, तिथे त्या वसाहत करतात. फाल्गुनात पळस-सावरी फुलल्या की त्यांच्यावर मधासाठी भोरड्यांची एकच झुंबड उडते. तो त्यांचा निरोपाचा काळ.

उघड्या माळावर, कपाशी-हरभऱ्याच्या शेतावर, जमिनीपासून चार-पाच हातांवर पंख पसरून तरंगत जाणारा एक शिकारी पक्षी दिसतो. त्याला भोवत्या म्हणतात. याला घार समजून लोक कोंबडीची पिले झाकतात. वास्तविक आपल्याकडे आला की तो पुष्कळसे पोट नाकतोड्यांवर आणि उंदरांवर भरतो आणि रात्री गवतात, जमिनीवरच झोपतो. म्हणून कुरणे राखली तर भोवत्या राहतो. कुरण जाळले किंवा नांगरले तर त्याचे बिऱ्हाड उठले म्हणून समजा.

पाणपक्ष्यांसाठी मात्र थोडी पायपीट करावी. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो. त्याच्या खालच्या अंगाला भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे. गाळ साचून तिथे उथळ पाणी, पाणवनस्पती आणि चिखलाचे पट्टे तयार झाले आहेत. माणसाच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटा. पण चोचीने चिखल चाळणाऱ्या पक्ष्यांना ते भरलेले ताट आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी असे कितीतरी पक्षी तिथे दिसतात. महत्त्वाचे पक्षिक्षेत्र म्हणून या जागेची नोंद झालेली आहे, आणि वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था तिथे वर्षानुवर्षे पक्षी मोजत आली आहे. धुळेकरांना नकाणे आणि डेडरगावचे तलाव जवळ आहेत, शिरपूरकरांना अनेरचे धरण, जळगावकरांना मेहरूण. पाण्यावर राखी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस दिसला, तर त्याला मनोमन नमस्कार करा. तो पट्टकादंब. तिबेट-मंगोलियातून येताना तो हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरच्या वर उडणाऱ्या पट्टकादंबांची नोंद शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून घेतली आहे. तिथे प्राणवायू आपल्याकडच्या निम्म्याहूनही कमी असतो.

कोणी विचारील, पक्षी कुठून आला हे कळते कसे? तो तर काही सांगत नाही! ही युक्ती प्रथम पद्धतशीरपणे वापरली ती एका शाळामास्तरांनी. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावी मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. १८९९ साली त्यांनी १६५ मैनांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरले होते. पुढे कोणाला तो पक्षी सापडला, त्याने पत्र टाकले, की प्रवासाचा माग लागे. आपल्या देशात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर केले. अशा कामातूनच कळले की पुष्कळ पक्षी दरवर्षी त्याच मुलखात, कधीकधी त्याच पटांगणात परत येतात. तुमच्या शाळेत यंदा आलेला धोबी कदाचित गेल्या वर्षीचाच असेल. पायात कडे असलेला पक्षी आढळला, तर कड्यावरचा क्रमांक आणि मजकूर उतरवून घ्यावा व सोसायटीला कळवावे.

पाहुण्यांचे कौतुक करताना घरच्यांना विसरू नये. खानदेशाने जगाला परत दिलेला एक पक्षी आहे. तो म्हणजे रानपिंगळा. आपल्या गावातल्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते आणि तो दिवसाउजेडी वावरतो. ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे डेव्हिडसन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र त्याचा पत्ता लागेना. मध्यंतरी माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे जाहीर केले होते. शोधणारे तिकडे शोधत राहिले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने सिद्ध केले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढत आपल्याकडे आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. ११३ वर्षे शास्त्राला हरवलेला पक्षी आपल्या सातपुड्यात सुखाने नांदत होता! पुढे तो यावलच्या अभयारण्यातही आढळला. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, खोटी नोंद शंभर माणसांना चुकीच्या वाटेला लावते, म्हणून पाहिले तेवढेच लिहावे. दुसरी, घुबड अशुभ म्हणून मारणे, किंवा दिवाळीत धनाच्या लोभाने त्याचा बळी देणे, हा कायद्याने गुन्हा तर आहेच, पण शेतातले उंदीर वाढवण्याचाही तो खात्रीचा मार्ग आहे.

आता दाणापाण्याकडे वळू. थंड देशांत हिवाळ्यात पाखरांना खाऊ घालण्याची जुनी रीत आहे. नॉर्वेत नाताळच्या सुमारास धान्याची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात. आपल्याकडेही देवळाच्या ओसरीत किंवा घराच्या आढ्याला ज्वारी-बाजरीची कणसे चिमण्यांसाठी टांगत. भावना एकच, पण हवामान वेगळे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिकडे पाखरांचा उपासमारीचा काळ डिसेंबर-जानेवारी. आपल्याकडे तोच सुगीचा काळ. खानदेशी पाखराची खरी परीक्षा असते ती चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, नाले कोरडे पडतात आणि विहिरीचे पाणी खोल जाते. म्हणून आपला नियम साधा असावा: हिवाळ्यात पाखरे पाहावीत, उन्हाळ्यात त्यांना पाणी ठेवावे.

म्हणजे हिवाळ्यात दाणे टाकूच नयेत का? अवश्य टाकावेत, पण ते पोट भरण्यासाठी नसून ओळख होण्यासाठी आहेत असे समजून. सकाळी ठरावीक वेळी मूठभर बाजरी, राळे किंवा तांदळाच्या कण्या मोकळ्या, स्वच्छ जागी टाकाव्यात. मांजराला दबा धरता येईल असे झुडूप जवळ नको. थोड्याच दिवसांत चिमण्या, होले, साळुंक्या येऊ लागतील आणि मुलांना त्या जवळून पाहता येतील. दाणे उरले तर दुसऱ्या दिवशी कमी टाकावेत. फरसाण, शेव, पाव, बुरशी आलेली भाकरी देऊ नये. ज्या धान्याला आपण हात लावणार नाही, ते पाखराला कसे मानवेल? बियाण्यासाठी औषध लावलेले धान्य तर चुकूनही उघड्यावर सांडू नये. होले, मोर त्याने दगावतात. पेरणीनंतर वर राहिलेले दाणे मातीआड करावेत.

दाणे एकाच जागी पोतीच्या पोती ओतणे हेही पुण्य नाही. त्याने फक्त पारवे माजतात. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली न्यायालयापर्यंत गेला, तो माणसांच्या आरोग्याच्या प्रश्नावरूनच. गर्दीच्या जागी पाखरांतही रोग पसरतात. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून दाणापाण्याच्या जागी पसरलेल्या एका घशाच्या रोगाने ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांची संख्या फार घटली. खानदेशाला तर हा धडा घरचाच आहे. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळली आणि तिथल्या कोंबडीपालकांचे फार नुकसान झाले. तेव्हा भांडे रोज घासावे, दाणे टाकल्यावर हात धुवावेत, आणि पाखरे एकाएकी मरून पडलेली दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

उन्हाळ्यात पसरट, उथळ मातीचे भांडे सावलीत ठेवावे. त्यात एक खडबडीत दगड ठेवला की लहान पाखरालाही टेकून पाणी पिता येते. पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. एवढे एक भांडे वैशाखात शंभर मुठी दाण्यांपेक्षा मोलाचे आहे.

याहूनही टिकाऊ दाणापाणी म्हणजे झाड. बांधावरची बोर, बाभूळ, हिवर, निंब, गावठाणातला वड, पिंपळ, उंबर ही पाखरांची बारमाही अन्नछत्रे आहेत. वड-पिंपळ पिकला की तांबट आणि आपला राज्यपक्षी हरियाल हजर होतो. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे हिवाळ्यात रिकामे दिसतात, म्हणून काठीने पाडू नयेत. मुनिया जातीची छोटी पाखरे जुन्या खोप्यांचा आसरा घेतात. याच सुगरणीच्या कसबाकडे आपल्या बहिणाबाई चौधरींचे लक्ष गेले होते. शाळेत न गेलेल्या त्या माउलीची नजर किती बारीक होती, हे मुलांना जरूर सांगावे.

आणखी एक संकट संक्रांतीला येते. पतंग उडवण्याची हौस आपल्याकडे मोठी. पण नायलॉनचा मांजा तुटत नाही, कुजत नाही, आणि झाडांत अडकून महिनोन्महिने फास बनून राहतो. त्याने पाखरांचे पंख कापले जातात आणि माणसांचे गळेही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो चोरून विकला जातो. आईबापांनी तो घेऊन देऊ नये. साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवावा. आणि पाखरांच्या थव्यांची जाण्यायेण्याची वेळ, म्हणजे सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची, तेवढी सोडावी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी गावातल्या झाडांवरचा मांजा गोळा केला, तर तीळगूळ पाखरांपर्यंतही पोचला असे म्हणता येईल.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन, जो जास्त पक्षी मारील तो जिंकला, असा खेळ चाले. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने म्हटले, मारण्याऐवजी मोजू या. त्या नाताळात २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती प्रथा आजतागायत चालू आहे आणि त्या नोंदींतून पक्ष्यांचे हिवाळी मुक्काम कसे सरकत आहेत हे कळते. आपल्याकडेही जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्यातली पहिली तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या.

हे काम कोणतीही शाळा करू शकेल. दुर्बीण नसली तरी चालेल, एक वही पुरे. शाळेचे आवार, विहीर किंवा गावतळे यांपैकी एकच जागा ठरवावी. आठवड्यातून एकदा, उन्हे वर आल्यावर, पंधरा मिनिटे मुलांनी गप्प बसून पाहावे. वहीत चार रकाने आखावेत: तारीख व वेळ, पक्ष्याचे नाव, संख्या, तो काय करत होता. नाव ठाऊक नसेल तर चिमणी, साळुंकी किंवा कावळा यांच्या तुलनेने आकार लिहावा आणि चोचीचे चित्र काढावे. जाड चोच दाणे फोडणारी, बारीक चोच किडे टिपणारी, आकडीदार चोच मांस फाडणारी, हे मुलांना आपोआप उमगते. घरी आजी-आजोबा त्या पक्ष्याला अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत काय म्हणतात, तेही विचारून लिहावे. पाखरांबरोबर त्यांची नावेही उडून चालली आहेत. ती अशीच राखता येतील. ज्यांच्याजवळ मोबाईल आहे, त्यांनी फोटो आणि नोंदी खुशाल पाठवाव्यात. पण त्यावर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये. प्रतिस्पर्धी आला असे समजून बिचारा खाणेपिणे, पिले सोडून धावतो.

अशी वही चार-पाच वर्षे चालली, की तुमच्या गावात पहिला धोबी कोणत्या तारखेला येतो, भोरड्या केव्हा जातात, चिमण्या वाढल्या की घटल्या, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. उलट दुसरेच तुम्हाला विचारतील. रानपिंगळा शोधायला परदेशची माणसे आपल्या सातपुड्यात आली, याचा आनंद आहेच. पुढची अशी नोंद खानदेशातल्या एखाद्या शाळेच्या वहीत व्हावी. त्यासाठी येत्या रविवारची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.